बिननावाचा कागद

आप्पा, तुमच्यामुळे यंदा माझं पक्षात भांडण झालं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पेणच्या गल्लीतल्या आपल्या छापखान्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, तरी एका दुपारी माझ्या मेसमध्ये आमचीच माणसं एकमेकांवर आवाज चढवून बोलत होती आणि त्याचं मूळ शोधायला गेलं तर ते तुमच्यापाशी निघत होतं. निवडणूक संपल्यापासून हे तुम्हाला सांगावंसं वाटतंय. पहिल्या शिफ्टची मुलं जेवून गेली आहेत, दुसऱ्या शिफ्टचे डबे भरून झाले आहेत, भांडी घासायला बाई अजून यायची आहे. म्हणून आत्ता लिहायला बसले.

तुम्ही ही मेस पाहिलीत ती अगदी सुरुवातीची. तुमच्या जावयाची कंपनी बंद पडली आणि रोह्याजवळच्या वरसे गावातल्या या घरात मी चार मुलांना जेवू घालायला लागले, तेव्हा तुम्ही पेणहून एसटीने रोह्याला आलात. मांडीवर हा एवढा अल्युमिनियमचा टोप. कंडक्टर म्हणाला, याचं अर्धं तिकीट घ्यावं लागेल, आणि तुम्ही म्हणालात, "घे की. पन मंग त्याला शीट दे." पुढच्या स्टॉपला एक माणूस उतरला तर कंडक्टरने खरंच टोपाला शेजारची सीट दिली, हे तुम्ही दारात चप्पल काढता काढता सांगत होतात आणि आम्ही दोघं कितीतरी दिवसांनी हसलो होतो. मला तेव्हा एवढ्या मोठ्या टोपात काय शिजवू असं झालं होतं. तुम्ही म्हणालात, "आज नाय भरनार. भरंल." भरला, आप्पा. आता तसे तीन आहेत. वरसे तुम्ही ओळखणार नाही, जिथे भाताची खाचरं होती तिथे इमारती आहेत आणि प्रत्येक इमारतीत कंपनीची मुलं चार-चार जण मिळून राहतात.

मी पक्षात गेले ती तुमच्या मागोमाग, हेही खरं. तुमचाच पक्ष. तालुक्याची उपाध्यक्ष आहे आता. पदाचा अर्थ एवढाच की सभा कुठेही असली तरी जेवण माझ्याकडून जातं आणि बैठकीला जागा नसली की बैठक माझ्याकडे होते. यंदाची जिल्हा परिषदेची बैठकही तशीच माझ्याकडे झाली. आमची उमेदवार आतल्या गावातली, घरची भातशेती आणि वाल, स्वतः शिवणाचे वर्ग घेते. मला काकू म्हणते. मागच्या वेळी उभी राहिली होती आणि पडली. पडली त्याचं तिला इतकं लागलं नव्हतं. त्या वेळी समोरच्यांनी तिला मूल नाही यावरून एक गाणं केलं होतं आणि टेम्पोवर कर्णा लावून गावोगाव वाजवलं होतं. त्यांच्यातल्या नेमक्या कोणी गाणं केलं, टेम्पो कोणी पाठवला, कोणालाच ठाऊक नाही. निकालानंतर कितीतरी दिवस ती बाजारात आली नाही. शिवणाचे वर्ग बंद ठेवले. मी डबा घेऊन जायचे तर दार अर्धंच उघडायची.

त्या दुपारी आमचे तालुकाध्यक्ष मोबाइलवर एक व्हिडिओ घेऊन आले. पनवेलच्या कोणा कंपनीकडून करून घेतला होता. त्यांनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि सगळे जेवणाच्या टेबलांभोवती जमले. पहिला भाग पाण्याचा. टाकी बांधून झाली, घरोघर नळ लागले, पाणी नाही, आणि पाच वर्षं सदस्य असलेली समोरची बाई उद्घाटनाचा नारळ फोडताना हसते आहे. हे सगळं आम्हाला माहीत होतंच. मग चित्र काळंपांढरं झालं. ती बाई नवऱ्याचं घर सोडून माहेरी राहते ते आलं. तिच्या लग्नातला फोटो आला, तो मधोमध फाटला, आणि एक जड आवाज म्हणाला, जिला स्वतःचं घर सांभाळता आलं नाही ती आपला गट काय सांभाळणार? कोणीतरी हसलं. एकाने टाळी दिली. मी आमच्या उमेदवाराकडे पाहिलं. ती हसली नव्हती, पण नजर फोनवरून हललीही नव्हती.

आणि मला तुमचा छापखाना दिसायला लागला.

मी सातवी-आठवीत असेन. शाळेतून आले की दप्तर कागदांच्या रिमांवर टाकायचं आणि तुम्ही सोडलेले शिशाच्या अक्षरांचे खिळे ज्याच्या त्याच्या खान्यात परत टाकायचे, हे माझं काम. तुम्ही पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनवर एक पाय ठेवून उभे आहात, हमरापूरच्या गणपतीवाल्यांची बिलबुकं छापताय, मशीनची खडखड चालली आहे. पक्षाचे दोघे येतात. त्यातले एक आपल्याकडे जेवायला येणारे काका, घरी खाडीतलं जिताडं मासा आणला की त्यांना निरोप जायचाच. त्यांनी खिशातून मजकूर काढून दिला. नगरपालिकेला समोरून भाताच्या गिरणीचे मालक उभे होते, त्यांच्या घरातल्या एका बाईबद्दल होतं. तुम्ही मशीन थांबवलंत. वाचलंत. चष्मा काढून सदऱ्याला पुसलात, परत वाचलंत.

"खाली नाव काय टाकू?" तुम्ही विचारलंत.

"नाव कशाला? बिननावाचं सोडायचंय."

"छापनारा मी. माझं नाव टाकतो. काढनारा कोन?"

"अरे, आपल्या पक्षाचं काम हाय."

"मंग पक्षाचं नाव टाकतो."

काका चिडले. म्हणाले, पक्षाचं नाव टाकलं तर लोक आपल्याला शिव्या घालतील. तुम्ही कागदाची घडी केलीत आणि त्यांच्या हातात दिलीत. "शिव्या खायच्या नसल्या तर नको लिहू. बिननावाचा कागद माझ्या मशीनवर चढत नाय."

तो कागद चढला दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनवर, दुसऱ्या गावात. बाजारात वाटला गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं आपल्याकडेच छापला, कारण पक्षाचा छापखाना म्हणजे आपला. गिरणीवाले स्वतः आले. मी खिळ्यांचे खाने ठेवायच्या लाकडी घोड्यामागे लपले होते. त्यांचा चेहरा अजून आठवतो, रागापेक्षा थकलेला. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत.

"तू छापलंस?"

"नाय."

"मग कोणी लिहिलं ते तरी सांग."

"त्ये नाय सांगनार शेठ. ती मानसं माझी हायेत."

आयेने चहा पाठवला तो त्यांनी घेतला आणि उठून गेले. निवडणूक झाल्यावर पुतणीच्या लग्नाची पत्रिका छापायला मात्र आपल्याकडेच आले. पण त्या वर्षी पक्षाने तुम्हाला बैठकीला बोलावलं नाही, पत्रकं बाहेरून छापून आणली, जिताडं आणलं तरी काका आले नाहीत. आये चुलीपाशी भाकरी थापत म्हणायची, सोडा की मग तो पक्ष. तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "का सोडू? पक्ष माझाबी हाय." मतदानाच्या दिवशी तुम्ही नेहमीसारखे बूथबाहेर टेबल टाकून बसलात, त्याच माणसांच्या शेजारी.

त्याच दिवसांत एकदा मी तुम्हाला म्हटलं होतं, पत्रकाच्या खालचं ते बारीक नाव कोण वाचतं? कशाला एवढं भांडलात? तुम्ही माझ्यावर फारसे कधी ओरडला नाहीत, त्या दिवशी ओरडलात. "ज्याचं नाव हाय तो दहादा वाचतो, पोरी. बिननावाचा येकदाबी वाचत नाय." आणि लगेच मशीन सुरू केलंत, म्हणजे पुढे बोलायला जागा उरली नाही. मी तोंड फुगवून खिळे टाकत राहिले.

तर त्या दुपारी मेसमध्ये मी विचारलं, "हा व्हिडिओ कुठे टाकणार?"

"नवं पान काढलंय," अध्यक्ष म्हणाले. "आपला काही संबंध नाय त्याच्याशी. कुठून आलं कोणाला कळणार नाय."

"मग आपल्या पानावर टाकू. खाली तुमचं नाव टाका, तालुकाध्यक्ष म्हणून."

अध्यक्ष हसले, मला समजत नाही असं समजून. "वहिनी, असलं नाव टाकून कोण करतं?"

"तेच म्हणत्येय मी."

मग भांडण पेटलं. आमच्यात दोन बाजू लगेच पडल्या, आणि खरं सांगायचं तर दुसरी बाजू मूर्ख नव्हती. कोणी म्हणालं, समोरच्यांनी मागच्या वेळी गाणं वाजवलं तेव्हा आपण सभ्यपणा केला आणि घरी बसलो. कोणी म्हणालं, व्हिडिओतलं खोटं काय आहे, ती माहेरी राहते ना? एक जुने कार्यकर्ते माझ्या बाजूने बोलले तर त्यांना पोरं म्हणाली, तुमचा काळ गेला. अध्यक्षांचा आवाज चढला. "वहिनी, ही निवडणूक हाय, हळदीकुंकू नाय. जमत नसेल तर घरी बसा."

"घरीच बसल्येय," मी म्हटलं. "तुम्ही माझ्या घरात बसलाय."

कोणीतरी फिसकन हसलं आणि अध्यक्ष लालबुंद होऊन उठून बाहेर गेले. मी भात बघायला स्वयंपाकघरात आले. आप्पा, मला असलं बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं. ते वाक्य माझं होतं पण ठेका तुमचा होता.

माझ्यामागून आमची उमेदवार आत आली. भाताचा टोप उतरवायला तिने दुसऱ्या बाजूने फडकं धरलं. टोप खाली ठेवल्यावर म्हणाली, "काकू, माझं गाणं वाजत होतं तेव्हा हे सगळं कुठं होतं? तेव्हा कोणी विचारलं का, खाली नाव कोणाचं?"

मी म्हटलं, नव्हतं विचारलं कोणी.

"मला परत हरायचं नाय. तिला एकदा कळू दे ना कसं वाटतं ते."

मी तिला उपदेश केला नाही. तुमची गोष्ट सांगितली. छापखाना, काका, गिरणीवाले, सगळं, आमटीला फोडणी देता देता. ती ओट्याला टेकून ऐकत होती. मग तिने बाहेरून फोन आणला आणि व्हिडिओ परत लावला, एकटीने, कानाजवळ धरून. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा तिने तो लग्नाचा फोटो फाटतो तिथे थांबवला.

"याच्या खाली माझं नाव टाकलं तर," ती म्हणाली, "माझ्या वर्गातल्या पोरी बघतील. त्यातल्या दोघी माहेरी राहतात." मग म्हणाली, "पाण्याचं आहे ना, त्याला देते मी नाव. माझ्याच दारात नळ कोरडा हाय. पुढचं नको."

तिने बाहेर जाऊन ते सांगितलं. मी आतूनच ऐकलं. उमेदवारच नको म्हणते म्हटल्यावर अध्यक्षांना काही करता येईना. ते एवढंच म्हणाले की निकालानंतर या दिवसाची आठवण करून देईन. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या दारातल्या नळाजवळ उभं राहून व्हिडिओ केला. नवऱ्याने फोन धरला होता. तिने आधी आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, नळ उघडून दाखवला आणि म्हणाली, ताई, पाच वर्षं झाली, हे कधी वाहणार? बस. ना संगीत ना काही. तो पक्षाच्या पानावर गेला.

मग जे झालं ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. समोरच्या बाईला उत्तर द्यावं लागलं. विचारणारीचं नाव होतं, चेहरा होता, मग ती कोणाकडे तोंड फिरवणार? तिने सभेत सांगितलं की पाइप रेल्वेच्या रुळाखालून न्यायचाय आणि रेल्वेची परवानगी अडली आहे. आमचीने कचेरीत जाऊन विचारलं आणि पुढच्या सभेत सांगितलं, परवानगी अडली हे खरं, पण तुम्ही अर्जच उशिरा केलात. त्यावर पुन्हा तिचं उत्तर आलं. बायका सभेला यायला लागल्या, आप्पा, पाणी येणार की नाही हे ऐकायला. एका गावात तर एका आजीने आमच्याच उमेदवाराला धरलं, "गो बाय, तू निवडून आलीस तर रेल्वे तुझं ऐकनार हाय का?" तिने प्रामाणिकपणे सांगितलं, माहीत नाय आजी, पण अर्ज वेळेवर करीन.

पक्षात मात्र वातावरण बिघडलं ते बिघडलंच. निम्मे कार्यकर्ते माझ्याकडे जेवायला यायचे बंद झाले, हायवेच्या ढाब्यावर जायला लागले. बैठकांचे निरोप मला उशिरा यायचे, कधी यायचेच नाहीत. सकाळी पीठ मळताना वाटायचं, कशाला पडले यात, राजीनामा द्यावा आणि सुखाने पोळ्या लाटाव्या. मग तुम्ही ताटावरून म्हणालेलं ते "पक्ष माझाबी हाय" आठवायचं आणि मी पदर खोचून प्रचाराला जायची. मतदानाच्या दिवशी बूथबाहेरच्या टेबलावर अध्यक्षांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी जाऊन बसले. ते मतदारयादीची पानं उलटत राहिले. ऊन चढल्यावर त्यांनी स्वतःची पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली. मी पाणी प्यायले आणि आम्ही दोघं मतदारांच्या चिठ्ठ्या काढत बसलो.

आम्ही हरलो. फार नाही, पण हरलो. अध्यक्षांनी कबूल केल्याप्रमाणे आठवण करून दिली, सगळ्यांसमोर, आणि नव्या कार्यकारिणीत माझं नाव नाही. त्याचं मला वाईट वाटलं, वाटलं नाही असं म्हणणार नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते, तिच्या घरी न्यायला. मागच्या वेळचं ते अर्धं दार माझ्या डोळ्यांसमोर होतं. तेवढ्यात तीच दारात उभी. हातात पिशवी.

"कुठून आलीस गो?" मी विचारलं.

"बाजारातून. मासळी घ्यायला गेलेली." पिशवीत कोलंबी होती. ती ओट्यावर ठेवत म्हणाली, "काकू, ती भेटली तिथं."

"कोण?"

"ती. निवडून आलेली. तीबी कोलंबीच घेत होती. मी म्हटलं आता काय करू, मागं फिरू की काय. तर तिनेच विचारलं, कशी दिली तुला? मी सांगितलं. तर कोळणीला म्हणते, हिला स्वस्त दिलीस आणि मला जास्त लावतेस व्हय?"

"मग?"

"मग काय, कोळीण म्हणाली, ती हरलेय म्हणून तिला कमी, तू जिंकलेस म्हणून तुला जास्त." आणि ती हसायला लागली. ओट्याला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसले. मग आम्ही दोघी कोलंबी सोलायला बसलो आणि ती म्हणाली, सोमवारपासून वर्ग सुरू करते. रेल्वेच्या कचेरीतही जाऊन येणार आहे, निवडून आली नाही म्हणून तिच्या दारातला नळ काही वाहायला लागलेला नाही.

हे सांगायचं होतं. तुम्ही असताना मी तुम्हाला कधी म्हटलं नाही की तुमच्या त्या मशीनपाशी उभं राहून मला काही मिळालं. शाईने फ्रॉक खराब होतात एवढीच तक्रार करायची. त्या वर्षी पक्षाने वाळीत टाकल्यासारखं केलं तेव्हा तुम्हाला किती लागलं असेल, हे मला आता कळतं, बैठकीचा निरोप आला नाही की कळतं. आणि तरी तुम्ही संध्याकाळी आम्हाला घेऊन बाजारात जायचात, सगळ्यांना नमस्कार करत, त्या काकांनाही. तुमचं बोट धरून मी चालायची आणि मला काही जड वाटायचं नाही. ते सगळं तुम्ही एकट्याने उचललेलं असणार.

बाई भांडी घासायला आली, उठायला हवं. हे कुठे पाठवायचं नाही हे ठाऊक आहे, तरी एक सांगून टाकते, कारण तुम्हाला नाही सांगितलं तर कोणाला सांगणार? तो व्हिडिओ सोडला असता तर आम्ही कदाचित जिंकलो असतो. अध्यक्ष म्हणतात तसं. पोळ्या लाटताना कधी कधी मी तो हिशोब मनात करते आणि जिंकलो असतो हे त्याचं उत्तर मला आवडत नाही. पण तो हिशोब मी अजून करते, आप्पा. काल दुपारीही केला.